पंप बंद, तरी आकडा ४८.२ : थेंब मोजायच्या मशीनमध्ये माझे ६,९४,६०० रुपये गेले

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत माझं नोझलचं छोटं वर्कशॉप आहे. बावीस वर्षं पितळेची आणि स्टेनलेसची नोझल बनवतोय. 'एवढा अनुभवी माणूस फसलाच कसा' असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणा, घरी रोज ऐकतोच आहे. पण पुढचं वाचा, कारण मला ते खोटं मशीन विकणारा माणूस अजून मोकळा फिरतोय.

कोळसा हाताळणीच्या एका कामासाठी धूळ दाबणाऱ्या नोझलची ११,२०,००० रुपयांची ऑर्डर जवळपास हातात होती. ठेकेदाराची अट एकच, थेंबांच्या आकाराचा रिपोर्ट द्या आणि मोजणी आमच्यासमोर करून दाखवा. अट चुकीची नव्हती. थेंब धुळीच्या कणापेक्षा फार मोठा असला की त्याच्या भोवतीने वळणाऱ्या हवेबरोबर कणही वळून निघून जातो. खाली चिखल होतो, वर धूळ तशीच. मुदत वीस दिवसांची. लेझरवर मोजणाऱ्या नव्या मशीनचं मला आलेलं कोटेशन ४२ लाखांचं. माझ्यासारख्यानं ते आणायचे कुठून?

अशा वेळी धंद्यातल्याच एका ओळखीच्या माणसाकडून एका विकणाऱ्याचा नंबर मिळाला. 'बंद पडलेल्या औषध कंपनीचं इंपोर्टेड मशीन, ६,८५,००० ला देतो.' बोलायला पक्का होता. डीव्ही-५० काय, सॉटर व्यास काय, थेंबांचा आकार सांगायची ही मापं सगळी तोंडपाठ. लहान थेंब लेझरचा प्रकाश मोठ्या कोनात फाकवतो आणि मोठा थेंब लहान कोनात, त्यावरून मशीन आकार काढतं, हे त्यानं मला कागदावर आकृती काढून समजावलं. तेही अगदी बरोबर. माझा विश्वास बसला तो तिथे.

५०,००० यूपीआयने, ४,००,००० आरटीजीएसने (खातं कंपनीचं नव्हतं, एका बाईच्या नावचं बचत खातं होतं, आणि तरी मी पाठवले), १,७५,००० रोख, पावती नाही. इन्स्टॉलेशनचे म्हणून आणखी ६०,०००. गाडीभाडं ८,४०० आणि हमाली १,२०० वेगळी.

आता ज्या क्षणावरून मला अजून झोप लागत नाही, तो सांगतो. डेमो माझ्याच वर्कशॉपमध्ये झाला. माझंच नोझल, माझाच पंप. १० बार दाबाला फवारा धुक्यासारखा पडत होता, मशीनसोबतच्या टॅबच्या स्क्रीनवर ४८.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मी सवयीनं व्हॉल्व्ह फिरवून दाब ३ बारवर आणला. फवाऱ्याचा शंकू आकसला, खालच्या पत्र्याच्या ट्रेवर टपटप आवाज यायला लागला, माझी बाही कोपरापर्यंत भिजली. दाब उतरला की थेंब मोठे होतात, हे माझ्याकडच्या नव्या पोराला पहिल्या आठवड्यात कळतं. आणि स्क्रीनवर? ४८.३. मग ४८.१. मग परत ४८.२. माझा फिटर हळूच म्हणाला, "भाऊ, आकडा तं हलूनच नाही राहिला." तो माणूस लगेच म्हणाला, "दादा, सॉफ्टवेअर प्रेशर कॉम्पेन्सेट करतं." आणि मी मान डोलावली! कानानं थेंब ऐकत होतो, हाताला पाणी लागत होतं, तरी स्क्रीनवर विश्वास ठेवला. दशांशाच्या पुढचा आकडा थोडा हलत होता म्हणून मशीन जिवंत वाटलं. मुदतीला सहा दिवस उरले होते, हेही खरं आहे.

ठेकेदाराचा इंजिनिअर आला. त्यानं पहिली गोष्ट हीच सांगितली, पंप बंद ठेवा, आधी रिकाम्या हवेचं बॅकग्राउंड, म्हणजे थेंब नसतानाची नोंद, घ्या. पंप बंद केला. स्क्रीनवर ४८.२. त्यानं हात लेझरच्या आड धरला. ४८.३. तो काही बोलला नाही, वही मिटली आणि निघून गेला. ऑर्डर गेली. त्या रात्री मशीन उघडलं. लाल लेझरचा साधा पॉइंटर, एक भिंग, एक पंखा. जिथे प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरच्या कड्या असायला हव्यात तिथे कशालाच न जोडलेला जुना सर्किट बोर्ड. आकडा येत होता तो टॅबमधूनच.

असं मशीन कुणी दाखवलं तर आधी पंप बंद करा, मग बोला. 'अ‍ॅव्हरेज' असा एकच आकडा दाखवला तर उठून या; डी-१०, डी-५०, डी-९० तिन्ही मागा, म्हणजे १०, ५० आणि ९० टक्के पाणी ज्या आकारापर्यंतच्या थेंबांत असतं ते आकार. २०० मायक्रॉनच्या एका थेंबात ५० मायक्रॉनच्या ६४ थेंबांएवढं पाणी असतं, त्यामुळे नुसत्या सरासरीत काहीही लपवता येतं. ठरावीक मापाचे ठिपके कोरलेली तपासणीची काच मशीनसोबत मिळते, ती समोर लावून घ्या. मला 'कुरिअरनं येईल' सांगितलं होतं.

आणि पोलीस! पहिल्या ठाण्यात म्हणाले, त्याचं गोडाऊन आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, पैसे हिंगण्यातून गेले, तिकडेच जा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग हद्द बघून तो पुढे पाठवायचा असतो, हे मी सांगितलं तर साहेबांनी विचारलं, "तुम्ही वकील आहात का?" तिसऱ्या खेपेला एकानं अर्ज वाचला आणि म्हणाला, "पाण्याचे थेंब मोजायले सात लाख? काऊन बाप्पा?" चार लोक हसले. मी तिथे कोळशाची धूळ समजावत बसलो. शेवटी 'हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा.' बंद डबा विकणं हा व्यवहार असेल, तर भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी ठेवलंय? अर्जावर पोच द्यायलाही अकरा दिवस लावले. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच तुमच्या हातानं पाठवले. वकिलानं १५,००० घेऊन सांगितलं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक आयोगात अडचण येईल. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी फोन केला तो ४१ दिवसांनी. पैसे गेल्याचं कळताच करा, खात्यात असतील तोवरच अडकवता येतात. जीएसटी नंबर पैसे देण्याआधी पोर्टलवर टाकून बघा. त्याचा रद्द झालेला निघाला, दोन मिनिटांचं काम होतं.

नंतर मी काचेवर सिलिकॉन तेलाचा थर देऊन ती क्षणभर फवाऱ्यात धरली आणि लगेच स्केलवाल्या मायक्रोस्कोपखाली पाहिली. तेलात थेंब गोल राहतात, मोजता येतात. अगदी बारीक थेंब हवेबरोबर काचेच्या बाजूनं निघून जातात, त्यामुळे हे लेझरच्या तोडीचं नाही. पण १० बारलाही शंभरच्या वरचे थेंब ढीगभर दिसले. हे आधी केलं असतं तर ४८.२ तिथेच खोटं ठरलं असतं.

गेल्या आठवड्यात कळमेश्वरच्या एका फवारणी पंपवाल्याचा फोन आला. त्यालाही करडा डबा, औषध कंपनीचं मशीन, आता भाव ५,९०,०००. उघडलेल्या डब्याचे सगळे फोटो माझ्याकडे आहेत. कुणाला असा फोन आला असेल तर टोकन देण्याआधी वर्कशॉपवर या, डबासुद्धा तिथेच पडलाय.