केसांतील लाटांसाठी सिरॅमिक कर्लिंग आयर्न : वापरून पाहिल्यानंतर

३२ मिलिमीटर व्यासाच्या या कर्लिंग आयर्नची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे यात तापमान अंशांत ठरवता येते. पातळ किंवा रंगवलेल्या केसांना १५० अंश सेल्सियसच्या आसपासची उष्णता पुरते, जाड केसांना त्याहून अधिक लागते. उष्णतेने केसांतील हायड्रोजन बंध (केसांचा आकार धरून ठेवणारे नाजूक रासायनिक जोड) सुटतात आणि केस गार होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, म्हणून गुंडाळलेली बट सोडताच विंचरू नये, ती तळहातावर अलगद झेलून गार होऊ द्यावी. त्यानंतर बोटांनी मोकळ्या केलेल्या लाटा फार देखण्या दिसतात. केस मात्र पूर्ण कोरडे हवेत. चिमटा जरा घट्ट असल्याने टोकांपाशी आडवा वळ उमटतो, हे मला खटकले. मानेजवळच्या आखूड बटांना हा दांडा जाडच पडतो.