डॉक्टर स्लीप: डॅनी परत भेटला, भीती मात्र भेटली नाही

आधीच सांगतो, स्टीफन किंगचं हे 'डॉक्टर स्लीप' मी दोनदा वाचलंय आणि दोन्ही वेळा मत वेगळं झालंय, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा इकडून तिकडे जाणार. पहिल्यांदा वाचून वैतागलो होतो. अरे घाबरलोच नाही आपण! 'द शायनिंग' मी कॉलेजात असताना वाचलेलं, घरचे लग्नाला गावी गेलेले, मी एकटा, आणि त्यानंतर आठवडाभर बाथरूममध्ये जाताना आधी दारातून हात घालून लाइट लावायचा आणि मगच पाय टाकायचा असं चाललं होतं. धारप-मतकरींच्या भयकथा वाचून वाढलेला माणूस मी, वाटायचं आपल्याला आता काय कोण घाबरवणार. त्यातल्या २१७ नंबरच्या खोलीतल्या मेलेल्या बाईने घाबरवलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीफन किंगचं शायनिंग १९७७ चं. कोलोरॅडोच्या डोंगरात ओव्हरलुक नावाचं मोठं हॉटेल, हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद म्हणून हॉटेलही बंद, आणि तिथे राखणदार म्हणून जॅक टॉरन्स बायको वेंडी आणि पाच वर्षांच्या डॅनीला घेऊन राहायला जातो. डॅनीला 'शायनिंग' आहे, म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं कळतं, झालेलं आणि होणारं दिसतं, आणि हॉटेलात जे काही आहे त्याला हा पोरगा हवाय. किंगला हे सुचलं ते १९७४ मध्ये, कोलोरॅडोतल्याच एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलात तो बायकोबरोबर उतरला होता तेव्हा, सीझन संपलेला, हॉटेल बंद व्हायला आलेलं, सगळीकडे रिकामे कॉरिडॉर, आणि यांची खोली २१७.

तर त्याचा पुढचा भाग, म्हणजे हे डॉक्टर स्लीप, आला २०१३ मध्ये. मध्ये ३६ वर्षं. कुठल्याशा कार्यक्रमात सही घ्यायला आलेल्या वाचकाने विचारलं की त्या शायनिंगमधल्या पोराचं पुढे काय झालं हो, आणि तो प्रश्न डोक्यात बसला, असं किंगनेच पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय. हा प्रश्न आपल्यालाही पडलेला असतोच ना. बाप आपल्या मागे मोगरी घेऊन धावतोय हे पाच वर्षांचा असताना बघितलेलं पोर मोठं होऊन कसं होईल?

दारुडं होईल. बापासारखं. हे किंगचं उत्तर, आणि माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात खरी गोष्ट हीच.

सुरुवात मस्त आहे. डॅनी आणि वेंडी फ्लोरिडात राहतायत, हॉटेल जळून खाक झालंय (पुस्तकात जळतं, १९८० च्या कुब्रिकच्या पिक्चरमध्ये नाही, गोंधळ करू नका) आणि तरी एका रात्री पोरगा लघवीला उठतो तर बाथरूममध्ये तीच, २१७ वाली. हॉटेल गेलं पण भाडेकरू आले मागोमाग! मग डिक हॅलोरन, तो हॉटेलचा कुक, ज्याला पण शायनिंग होतं, तो येऊन पोराला युक्ती शिकवतो की मनातल्या मनात एक कुलपाची पेटी बनव, भूत आलं की आत घाल, झाकण लाव, कुलूप. पहिल्या चाळीसेक पानांत मला वाटलं आज परत लाइट लावून झोपायला लागणार.

आणि मग डॅनीचा डॅन होतो, आणि येतो तो विल्मिंग्टनचा सीन. नॉर्थ कॅरोलायनात कुठल्यातरी बाईच्या खोलीत हा सकाळी उठतो, आदल्या रात्री किती प्यायला, काय मारामारी केली काही आठवत नाही, बाई झोपलेली. आणि आतून तिचं दीडेक वर्षांचं पोर येतं, डायपर खाली लोंबतंय, दंडावर बोटांचे वळ, टेबलावर रात्रीची उरलेली कोकेन पडलीये तिच्याकडे हात करून म्हणतं "कॅनी". कँडी म्हणायचंय त्याला. डॅन ते पोराच्या हातापासून लांब ठेवतो, बरं वाटतं आपल्याला, चला एवढं तरी केलं, आणि मग तो त्या बाईच्या पर्समधले पैसे काढतो आणि निघून जातो.

बास. भूत नाही, रक्त नाही, काही नाही. चार-पाच पानांचा मामला. पण मी पुस्तक खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. पुढे पाचशे पानं डॅन या पोराला घेऊन फिरतो, कारण ओव्हरलुकची भुतं पेटीत जातात, हे पोर जात नाही. दुसऱ्यांदा वाचताना मला हे नीट कळलं. पहिल्यांदा मी भूत शोधत होतो ना, म्हणून हे हातातून निसटलं.

शायनिंगपण तसं दारूचंच पुस्तक होतं, फक्त ते लिहिणाऱ्याला त्या वेळी कळलं नसावं. किंग स्वतः तेव्हा पीत होता, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सोडली त्याने. जॅकने त्यात दारू सोडलेली असते पण कशी, तर दात-ओठ खाऊन, कोणाची मदत नाही, कुठला ग्रुप नाही, डोकं दुखतंय म्हणून गोळ्या चावत बसायचं. दारू सोडलेला पण आतून तसाच राहिलेला माणूस ज्यांनी घरात बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका होते, प्यायचे तेव्हा परवडायचे, सोडल्यावर घरात कोणी चमचा पाडला तरी सगळे गप्प. हॉटेलच्या तळघरातला तो जुना बॉयलर आठवा, प्रेशर हळूहळू चढतं, रोज जाऊन सोडायला लागतं, नाही सोडलं तर सगळं उडणार. तो बॉयलर म्हणजे जॅकच की. म्हणून ते पुस्तक घाबरवतं, कारण बाप वाईट नाहीये, बाप प्रयत्न करतोय, आणि तुम्हाला काटा चढताना दिसतोय.

डॉक्टर स्लीपमध्ये किंग तोच प्रश्न उलटा करून विचारतो, जॅकला ए.ए.चा (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायचं ते) ग्रुप मिळाला असता तर? डॅनला मिळतो. न्यू हॅम्पशरमध्ये फ्रेझर नावाच्या छोट्या गावात बसमधून उतरतो, टुरिस्ट लोकांच्या छोट्या ट्रेनवर काम मिळतं, केसी नावाचा स्पॉन्सर, म्हणजे आधी स्वतः दारू सोडलेला आणि आता याला सांभाळणारा माणूस, मिळतो, मीटिंगा, वाईट कॉफी, एक-एक दिवस ढकलणं. आपल्याकडे अनिल अवचटांमुळे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र माहीत असलेल्या वाचकाला हा भाग अजिबात परका वाटणार नाही. काही लोकांना हे सगळं संथ वाटलं, प्रवचन वाटलं, असेल बुवा, मला पुस्तकातला जिवंत भाग हाच वाटला. मग डॅन एका हॉस्पिसमध्ये लागतो, म्हणजे जिथे शेवटचे दिवस मोजणारी माणसं ठेवतात तिथे. तिथे ॲझी नावाचं मांजर आहे, ते ज्याच्या पलंगावर जाऊन बसतं तो माणूस त्या रात्री जाणार हे नर्सेसना पाठ झालंय, मग डॅनला बोलावतात आणि तो त्या म्हाताऱ्याचा हात धरून बसतो, झोप लागतेय फक्त, घाबरू नका सांगतो. म्हणून डॉक्टर स्लीप. लहानपणी घरचे त्याला 'डॉक' म्हणायचे तेही त्यात आलंच. हे सीन इतके शांत आहेत की हॉरर पुस्तक वाचतोय हेच विसरायला होतं. माझी आजी गेली तेव्हा तिच्याजवळ असं कोणी बसलं नव्हतं, आम्ही सगळे बाहेर डॉक्टरांना फोन करत होतो. असो.

आता तक्रारी. आणि मोठ्या आहेत. (इथून पुढे थोडं फुटेल, पुस्तक वाचायचं असेल तर शेवटच्या दोन परिच्छेदांवर उडी मारा.)

व्हिलन. ट्रू नॉट नावाची टोळी, दिसायला रिटायर्ड काका-काकू, मोठमोठ्या कॅम्पर गाड्या घेऊन अमेरिकाभर फिरतात, हायवेवर पुढे हळू चालवणारे आणि ओव्हरटेक करू न देणारे ते. शायनिंग असलेल्या पोरांना हाल करून मारतात आणि त्यातून निघणारी 'स्टीम' पिऊन शेकडो वर्षं जगतात. कल्पना एक नंबर. त्यांची मुख्य रोझ द हॅट, डोक्यावर उंच टोपी तिरकी घालणारी, तीही सुरुवातीला जबरदस्त. आयोवातल्या एका बेसबॉल खेळणाऱ्या पोराचं जे करतात ते वाचताना पोटात कालवतं. पण नंतर? नंतर या टोळीला गोवर होतो. हो, गोवर! त्याच पोरापासून लागण, आणि शेकडो वर्षांच्या या राक्षसांनी लस कुठे घेतलीये. आपल्याकडे बालवाडीतल्या पोरांनाही गोवराची लस दिलेली असते आणि इथे अमर लोक पुरळ येऊन मरतायत. मला कळतं की किंगला ते आतून सडलेले, दमलेले दाखवायचेत, पण अर्धे आजारी आणि उरलेले बावळट म्हटल्यावर भीती कोणाची वाटायची? वर ॲब्रा, ती शायनिंगवाली मुलगी जिला हे शोधतायत, ती इतकी पॉवरफुल आहे की पहिल्या टकरीतच रोझला लोळवते. त्यानंतर मला रोझचीच काळजी वाटायला लागली.

शायनिंगमध्ये झाडं कापून केलेले प्राणी होते आठवतायत? सिंह, ससा, कुत्रा. बघत असलं की जागेवर, नजर हटली की थोडे जवळ. लहानपणीचा स्टॅच्यूचा खेळ, फक्त समोरचा हसत नाही. किंवा तो कॉरिडॉरमधला आग विझवायचा पाइप, नुसता गुंडाळलेला पाइप आणि डॅनीला त्याच्यासमोरून जायचंय. दोन पानं घामटा काढतो माणूस पाइपवरून! कारण बाहेर बर्फ, पळायला जागा नाही. इथे सगळे गाड्या घेऊन मोकळे फिरतायत, फोन आहेत, मदतीला मोठी माणसं आहेत, आणि चांगल्या बाजूचं असं कोणी दगावतच नाही जवळपास. नंतर तर डॅन आणि ॲब्राचं नातंच निघतं, जॅकची म्हणे एक मुलगीही होती, तीच ॲब्राची आई. हे वाचून मी मोठ्याने "नाही रे" म्हणालो. आपल्या जुन्या पिक्चरमध्ये लॉकेट जुळायचं तसं झालं. दोन अनोळखी माणसं नुसत्या शायनिंगमुळे एकमेकांना शोधतात, एक लांबून मनानेच दुसऱ्याच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिते आणि तो वाचतो, हे किती छान होतं, त्याला रक्ताचं नातं कशाला चिकटवायचं.

क्लायमॅक्स कोलोरॅडोत, जिथे ओव्हरलुक होतं त्याच जागेवर. ठीक आहे. त्याच्यानंतर मात्र डॅन दारू सोडल्याच्या १५ व्या वर्षाच्या मीटिंगमध्ये उभा राहून ते विल्मिंग्टनचं, त्या पोराचं, पहिल्यांदा तोंडाने सांगतो, आणि माझ्यासाठी क्लायमॅक्स तो होता. रोझशी मारामारी करायला त्याला जेवढी हिंमत लागली नाही तेवढी इथे लागते.

म्हणजे हॉरर म्हणून विचाराल तर पाचात अडीच, डॅनीची गोष्ट म्हणून पाचात साडेचार. २०१३ चा ब्रॅम स्टोकर पुरस्कार मिळालाय याला, हॉररचाच असतो तो, त्यामुळे माझ्याशी सहमत नसणारे जाणकार बरेच आहेत हेही सांगून ठेवतो. शायनिंग न वाचता थेट हे घेऊ नका, अर्धी मजा जाईल, आणि नुसता कुब्रिकचा पिक्चर बघून तर अजिबात नको, कारण त्यात डिक मरतो आणि इथे तो पहिल्याच भागात चालत येतो. माईक फ्लॅनगनने २०१९ मध्ये याचा पिक्चर काढला, त्याने दोन्ही गोष्टी सांधायचा प्रयत्न केलाय, हॉटेल उभंच ठेवलंय आणि शेवट बदललाय, तो चांगला आहे पण पुस्तकानंतर बघा. त्यात ते बेसबॉलवालं प्रकरण फार अंगावर येतं, घरात लहान पोरं असतील तर ती झोपल्यावर.

एडिशनबद्दल: मी पेपरबॅक घेतलं, जाडजूड आहे, अक्षर बारीक, आणि दुसऱ्या वाचनात मधूनच पानं सुटायला लागली. आता मावसभाऊ मागतोय, त्याने सोडून तीन वर्षं झाली. देणार आहे, पानं चिकटवून झाली की.