अकरा महिने, एक फोटो प्रिंटर आणि शाई पिणारा डबा

जूनमधल्या एका शनिवारी रात्री ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचा १३ बाय १९ इंची प्रिंट काढायला घेतला, तर यंत्राने कागद ओढलाच नाही. मेंटेनन्स बॉक्स, म्हणजे साफसफाईत वाया जाणारी शाई शोषून घेणारा डबा, भरल्याची सूचना तेवढी झळकली. गेल्या दसऱ्याला प्रिंटर घेतल्यापासूनचा हा तिसरा डबा होता. नवा आणि भरलेला, दोन्ही डबे मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. फरक जवळपास दीडशे ग्रॅम भरला. कागदाला न लागता, निव्वळ हेडच्या, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या, साफसफाईत गेलेली ही शाई विकत घेतलेलीच होती.

प्रिंटच्या दर्जाबद्दल मात्र तक्रार नाही. २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण फोटोचे ६००० पिक्सेल १९ इंचांत बसवले की इंचाला तीनशेहून अधिक पडतात. फ्लेमिंगोंचा फोटो कापून ३६०० पिक्सेलच उरले होते, म्हणजे इंचाला १९०, तरीही सोफ्यावरून पाहताना काही कमी वाटत नाही. काचेला नाक लावले तरच पिसांच्या कडा मऊ दिसतात. सुरुवातीला गुलाबी रंग विटकरी येत होता, तो कागदाचे योग्य प्रोफाइल, म्हणजे त्या कागदासाठीची रंगांची सेटिंग, निवडल्यावर सुधारला.

डब्यांची तक्रार घेऊन गेलो, तर सेवा केंद्रातल्या तंत्रज्ञाने हेड बदलण्याचा सल्ला दिला आणि खर्च सांगितला यंत्राच्या जवळपास निम्म्या किमतीचा. काउंटरवर अर्धा तास वाद घालून मी तावातावाने ठाण्याला परतलो आणि माहितीपुस्तिका पहिल्यांदाच नीट वाचली. वीज वाचवण्यासाठी मी रोज थेट भिंतीवरचे बटण बंद करत होतो. त्यामुळे हेड आपल्या जागी जाऊन झाकले जात नव्हते, पिगमेंटची शाई नोझलवर, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांवर, सुकत होती आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताच ती धुण्यासाठी आणखी शाई ओतत होते. चूक माझी, हे मान्य. पण घरी येऊन यंत्र जोडून देणाऱ्याने आणि त्या तंत्रज्ञाने एका शब्दाने तरी विचारायला हवे होते.

आता यंत्राचेच बटण दाबून हेडचा खटका ऐकू येईपर्यंत थांबतो. चौथा डबा किती भरला हे दाखवणारी पट्टी अजून चौथाईवरही आलेली नाही. पावसाळ्यात कागदाच्या कडा वळून हेडला घासतात आणि काळा डाग पडतो, म्हणून कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवतो.

भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे, कारण दिवा दिसला की बटण बंद करण्याची सवय घरात मला एकट्यालाच नाही.