‘स्कॅन करून रेडिओचा नंबर काढून देतो’ म्हणणाऱ्यापायी 21,500 रुपये गेले

1,200 रुपये रेडिओचा नंबर काढून द्यायचे, 16,500 रुपये ‘त्याच नंबरच्या’ रेडिओचे आणि 3,800 रुपये त्याचं लॉक काढायचे. एकूण 21,500. बदल्यात मिळालेला रेडिओ आवाज काढत नाही आणि स्क्रीनवर कम्पोनंट प्रोटेक्शनची, म्हणजे एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीत चालू नये म्हणून कंपनीने घातलेल्या लॉकची, सूचना सोडून काही दाखवत नाही.

माझ्या गाडीचा मूळ रेडिओ चालता चालता बंद पडायचा. बदलायचा तर त्याच पार्ट नंबरचा हवा, शेवटच्या अक्षरासकट, कारण अक्षर बदललं की आतलं हार्डवेअरही वेगळं असू शकतं. बाहेर काढला तर स्टिकर फाटलेलं. मधले 035 एवढेच आकडे वाचता येत होते, आणि फोक्सवॅगन गटात रेडिओ-नेव्हिगेशनच्या नंबरात ते असतातच. चेसिस नंबरवरून कारखान्यात कुठला रेडिओ बसवला होता ते कळतं, पण गाडी जुनी घेतलेली, आधीच्या मालकाने बदलला असेल तर? माझ्याकडचा ईएलएम 327, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावायचा साधा स्कॅन अडॉप्टर, इंजिनचे कोड दाखवतो, रेडिओबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा डायग्नोस्टिक स्कॅनने रेडिओच्या आतला नंबर वाचून घ्यायचा हा माझा निर्णय बरोबरच होता, आजही तेच म्हणेन. बदमाश निघाला तो ऑनलाइन जाहिरात बघून गाठलेला माणूस.

त्याने सांगितलं, अडॉप्टर लावून ठेवा, इग्निशन चालू करा, मी इथून वाचतो. थोड्या वेळात पीडीएफ आली. सगळे कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, ओळीने, 5एफ या पत्त्यावर रेडिओ, पार्ट नंबर, सॉफ्टवेअर, हार्डवेअर, सगळं व्यवस्थित. चेसिस नंबरवर काळी पट्टी होती, ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ म्हणे. माझाच चेसिस नंबर माझ्यापासून लपवून कुठली सुरक्षितता?

आणि आता जे सांगतो ते आठवलं की अजून डोकं तापतं. त्या वेळी माझा रेडिओ बाजूच्या सीटवर उलटा पडला होता. मागच्या मोठ्या कनेक्टरची कडी मीच उघडलेली, प्लग डॅशबोर्डच्या भोकातून लोंबत होता. रेडिओला ना वीज, ना कॅनची वायर, म्हणजे ज्यावरून ही युनिट एकमेकांशी बोलतात ती. तरी रिपोर्टमध्ये त्याचा नंबर! बॅटरी काढून ठेवलेल्या फोनने हॅलो म्हणावं तसला प्रकार. मी त्याला लगेच विचारलंही. तो म्हणाला, गेटवेकडे, म्हणजे सगळ्या युनिटना जोडणाऱ्या युनिटकडे, सगळ्यांचे नंबर साठवलेले असतात. गेटवेत कुठली युनिट बसवलीत याची यादी खरंच असते, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. मेकॅनिक नसलेल्या कुणालाही पटलं असतं. पण गेटवेकडे फक्त यादी असते. पार्ट नंबर ज्याचा त्यालाच विचारावा लागतो. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात किलोमीटर होते 84,310. माझी गाडी तेव्हा 52 हजारांच्या आत होती. रिपोर्ट दुसऱ्याच गाडीचा होता.

खरं वाचन कसं होतं ते माहीत असू द्या. यूडीएस, म्हणजे आयएसओ 14229, या पद्धतीत टूल युनिटला ठरलेल्या कोडने प्रश्न विचारतं: एफ187 ला पार्ट नंबर, एफ18सी ला सिरीयल नंबर, एफ190 ला चेसिस नंबर. उत्तर युनिट स्वतः देतं. म्हणून स्कॅन समोर उभं राहून करून घ्या. जमलं तर रेडिओचा प्लग काढून दुसऱ्यांदा करायला लावा. आता रेडिओ गायब दिसलाच पाहिजे. बाजारातून आणून बसवलेला सेट मात्र बहुतेक वेळा या स्कॅनला उत्तरच देत नाही, तो वेगळा विषय.

नंबर दिल्या दिल्या ‘योगायोगाने माझ्याकडे हाच पडलाय’ असं तो म्हणाला. नंबर सांगणारा आणि रेडिओ विकणारा एकच असेल तर तिथूनच मागे फिरा. रेडिओ आला, तो लॉक केलेला निघाला, लॉक काढायचे 3,800 त्याने घेतले, ‘उद्या काढतो’ म्हणत राहिला आणि मग माणूस गप्प झाला. शेवटी अधिकृत वर्कशॉपमध्ये लावून बघितला. आतला नंबर स्टिकरपेक्षा वेगळा आणि चेसिस नंबर भलत्याच गाडीचा. नखाने स्टिकरचा कोपरा उचलला तर खाली जुन्या स्टिकरचा चिकटा. हे लॉक अधिकृतपणे कंपनीच्या सर्व्हरशी जोडूनच निघतं आणि भाग चोरीचा असेल तर ते काढून देत नाहीत. म्हणजे त्याने कशाचे 3,800 घेतले?

पोलिसांकडे गेलो, ते म्हणाले ऑनलाइन व्यवहार आहे, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, वस्तू तर मिळाली ना, मग हा दिवाणी वाद. अहो, या रेडिओच्या मेमरीत दुसऱ्याच गाडीचा चेसिस नंबर आहे, तो चोरीचा आहे का एवढं तरी तपासा! टेबलावरच्या रेडिओकडे साहेबांनी मान वर करूनही पाहिलं नाही, वर मलाच विचारलं, एवढा महागाचा घेताना बिल का नाही घेतलं? बँकेने कळवलं, पैसे तुम्हीच तुमच्या पिनने पाठवलेत. ज्या साइटवर जाहिरात होती तिथून तयार उत्तर आलं, तक्रारीची मुदत संपली. मुदत संपेपर्यंत ‘उद्या लॉक काढतो’ म्हणत त्यानेच झुलवत ठेवलं, हे कुणी ऐकूनच घेत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच अर्जाची नवी प्रत. फसवणाऱ्याला एकाने फोन केला असता तरी चाललं असतं. कुणीही केला नाही.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, स्टिकरचे चारही कोपरे त्यात येऊ द्या. लॉक काढायचे पैसे आधी कुणालाही देऊ नका. आणि हो, पीडीएफ नको, टूलच्या स्क्रीनचा तुमच्या डॅशबोर्डसकट फोटो मागा.

त्याची जाहिरात अजून चालू आहे, फोटोही तेच. तुमच्याकडे त्याचा रिपोर्ट आला असेल आणि त्यावर 84,310 किलोमीटर असतील, तर तो जपून ठेवा आणि मला कळवा. एकाच रिपोर्टवर फसलेले दोघेतिघे एकत्र अर्ज घेऊन गेलो, तर याला दिवाणी वाद म्हणणं त्यांना जड जाईल.