सिम्युलेटेड बेसबॉल लीगचे हॉल ऑफ फेम: मतदान घ्यावे की सूत्र लावावे?

सिम्युलेटेड, म्हणजे संगणकावर काल्पनिक खेळाडूंनिशी चालणाऱ्या, बेसबॉल लीगचे बरेच हंगाम उलटले की पहिल्या पिढीचे खेळाडू निवृत्त होतात, आणि त्यांतल्या कोणाला हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात) घ्यायचे हे कमिशनरला, म्हणजे लीगच्या प्रमुखाला, ठरवावे लागते. आउट ऑफ द पार्कसारख्या संगणकीय खेळात कमिशनरला स्वतःच्या हातानेही निवड करता येते. परंतु दहा-वीस जण मिळून लीग चालवत असतील तर एकट्याचा निर्णय फार काळ टिकत नाही. मग उरतात दोन मार्ग: जीएम (एकेक संघ चालवणारे सदस्य) मंडळींचे मतदान, किंवा आधीच ठरवलेले आकड्यांचे सूत्र. आमच्या लीगने दोन्ही वापरले आहेत.

मतदानाचे आकर्षण खरे आहे. कूपर्सटाउनचे (अमेरिकेतल्या खऱ्या बेसबॉल हॉल ऑफ फेमचे, जिथे पत्रकार मतदान करतात) नियम, म्हणजे निवडीसाठी ७५ टक्के मते, ५ टक्क्यांखाली राहणारा बाद आणि यादीत जास्तीत जास्त १० वर्षे, जसेच्या तसे उचलले तरी काम भागते. जीएम आपापल्या खेळाडूसाठी लांबलचक टिपणे लिहितात, विसरलेल्या वर्ल्ड सिरीज पुन्हा चर्चेत येतात आणि लीगला इतिहास आहे असे वाटू लागते. हे सुख सूत्रातून मिळत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र मतदार ज्याला ओळखतो त्याच्याकडे झुकतो, आणि प्रत्यक्ष कूपर्सटाउनही त्यातून सुटलेले नाही. माजी खेळाडू फ्रँकी फ्रिश १९६७ साली व्हेटरन्स कमिटीवर (पत्रकारांच्या मतदानात न निवडलेल्या जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीवर) आला आणि पुढच्या काही वर्षांत जेसी हेन्स, चिक हाफी, जॉर्ज केली असे जायंट्स आणि कार्डिनल्समधले त्याचे जुने सहकारी एकामागून एक आत गेले. हॅरॉल्ड बेन्सला पत्रकारांच्या मतदानात कधीही ६.१ टक्क्यांपेक्षा जास्त मते मिळाली नव्हती. २०१९च्या वर्गासाठी अशाच १६ जणांच्या समितीने त्याला नेमकी लागणारी १२ मते दिली, आणि त्या समितीत त्याचा जुना मॅनेजर टोनी ला रूसा आणि व्हाइट सॉक्सचे मालक जेरी राइन्सडॉर्फ हे दोघेही होते. याउलट ज्याचा वॉर (साध्या पर्यायी खेळाडूपेक्षा त्याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले याचा अंदाजी आकडा) बेन्सच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ७५च्या आसपास आहे, तो लू व्हिटेकर २००१ साली पहिल्याच मतदानात २.९ टक्क्यांवर बाद झाला.

आमच्याकडे हीच गोष्ट अधिक तीव्रतेने घडली आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. एका सेकंड बेसमनची सगळी कारकीर्द अशा संघात गेली, ज्याचे जीएम सतत बदलत राहिले आणि मधली काही वर्षे ज्याचा कारभार संगणकाकडेच होता. तो निवृत्त झाला तेव्हा त्याला ड्राफ्टमध्ये निवडलेला किंवा त्याच्यासाठी आलेला ट्रेड नाकारलेला एकही माणूस लीगमध्ये उरला नव्हता. कोणीही त्याच्यासाठी टिपण लिहिले नाही आणि पहिल्याच वर्षी तो ५ टक्क्यांखाली गेला. त्याच वर्षी एक बऱ्यापैकी फर्स्ट बेसमन सहज निवडला गेला, कारण त्याचा जीएम लीगचा संस्थापक सदस्य होता आणि सर्वांना प्रिय होता. मला हे अजूनही खटकते. कूपर्सटाउनच्या पत्रकाराने खेळाडूला निदान मैदानावर पाहिलेले असते; त्याच्या मतात आकड्यांपलीकडचे काही असू शकते. सिम्युलेशनमध्ये कोणीच काही पाहिलेले नसते. तिथला खेळाडू म्हणजे त्याची नोंद, आणि मतदान त्या नोंदीत जीएमच्या जिव्हाळ्याखेरीज कशाचीही भर घालत नाही.

सूत्राचेही दोष आहेत. ३,००० हिट किंवा ५०० होम रन अशा टप्प्यांवर आधारलेले सूत्र मी कोणालाही सुचवणार नाही, कारण लीगमध्ये धावांचा सुकाळ असलेले एखादे दशक आले की त्या काळातले कामचलाऊ लेफ्ट फील्डरसुद्धा रांगेने आत येतात. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचा हॉल ऑफ फेम मॉनिटर कोण निवडला जाईल याचा अंदाज देतो, कोण निवडला जावा याचा नव्हे. तेव्हा तोही इथे फारसा उपयोगी नाही. बेसबॉल लेखक जे जॅफी यांची जॉझ पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. तिच्यात कारकिर्दीचा एकूण वॉर आणि सर्वोत्तम सात हंगामांचा वॉर यांची सरासरी काढून त्याच जागेवर खेळणाऱ्यांशी तुलना केली जाते. त्यामुळे केवळ दीर्घकाळ टिकलेला खेळाडू आणि थोडी वर्षे तळपलेला खेळाडू यांच्यात समतोल राहतो. अर्थात कॅचर आणि रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात किंवा शेवटी येणारा पिचर) यांच्या बाबतीत ती कठोर ठरते आणि पोस्टसीझनकडे, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांकडे, जवळजवळ दुर्लक्ष करते.

आपली लीग तरुण असेल, मूळचे सगळे जीएम अजून टिकून असतील आणि चर्चेची हौस असेल, तर मतदान चुकीचे ठरेल असे मी म्हणणार नाही. परंतु जिथे माणसे येतात आणि जातात, तिथे माझा कल सूत्राकडे आहे. दालन अजून रिकामे असेल तर प्रत्येक जागेवरच्या आपल्याच लीगमधल्या सर्वांत वरच्या काही खेळाडूंच्या जॉझ आकड्यांची सरासरी ही प्रवेशाची पातळी धरावी, कॅचरसाठी ती थोडी खाली आणावी, आणि मतदान ठेवायचेच असेल तर ते पातळीच्या अगदी जवळ राहिलेल्या खेळाडूंपुरते ठेवावे. सूत्र लागू करताना पूर्वी मतांनी आत गेलेल्यांना मात्र बाहेर काढू नये. आमचा फर्स्ट बेसमन अजून आत आहे, आणि सूत्र लागू झाल्यावर तो सेकंड बेसमनही आत आला.