मेणबत्त्यांच्या उजेडातील लग्न : बेळगावच्या एका सजावटकाराच्या कामाविषयी

भाचीचे लग्न वैशाखात, गोरज मुहूर्तावर, खानापूर रस्त्यावरील उघड्या लॉनवर झाले आणि विजेच्या माळांऐवजी मेणबत्त्यांची सजावट बेळगावातील एका मंडपवाल्यांकडे सोपवली होती. एकंदर काम चांगले झाले. काही उणिवा मात्र आधीच बोलून घेण्यासारख्या आहेत.

संध्याकाळी इकडे पश्चिमेचा वारा सुटतो, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले आणि उघडी ज्योत कोठेही ठेवणार नाही, असे बजावले. प्रत्येक मेणबत्तीवर वीतभर उंचीची काचेची चिमणी होती. मांडणी मंडपाच्या कापडापासून आणि पदर फिरतील अशा वाटेपासून दूर होती. वाती कातरायला व विझलेल्या पुन्हा लावायला दोन मुले शेवटपर्यंत फिरत होती. शुभकार्यात ज्योत फुंकू नये, हा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला आणि पितळी झाकणीने मेणबत्त्या विझवल्या. देवापुढील समई तेलाचीच राहिली, हेही योग्य झाले. अक्षतांचा मात्र विचार झाला नव्हता. शेवटच्या ‘शुभमंगल सावधान’नंतर कुंकू लावलेले तांदूळ चिमण्यांत पडून वितळलेल्या मेणात रुतले आणि पुढच्या रांगेतील कित्येक वाती तडतडून विझल्या. मांडणी दोन हात मागे घेतली असती, तर हे टळले असते.

दुसरी उणीव वेळेची. मे महिन्यात बेळगावात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे गोरज मुहूर्ताला आभाळात उजेड असतोच. मंगलाष्टके होईपर्यंत मेणबत्त्या असून नसल्यासारख्याच होत्या. त्यांची खरी शोभा होम आणि सप्तपदीच्या वेळी दिसली, तीही छायाचित्रकाराने आपले प्रखर दिवे बंद केल्यावर. (त्याला राजी करण्याचे श्रेय मंडपवाल्यांचेच.) उंच, निमुळत्या मेणबत्त्या दुपारभर टेम्पोत तापून वाकल्या होत्या, म्हणून ऐनवेळी जाड, बुटक्या लावाव्या लागल्या, दर मात्र उंच मेणबत्त्यांचाच लावला, हे मला पटले नाही.

वळवाच्या सरीची सोय म्हणून छताखालची पर्यायी जागा करारात लिहून घ्यावी. फुटलेल्या चिमण्यांचे पैसे अनामत रकमेतून कापतात, तेव्हा काचा उतरवतानाच नग मोजून सही करावी.