ग्राहक मार्गदर्शन केंद्राचे सल्लागार-प्रशिक्षण: सराव उत्तम, टिपणे शिळी

पुण्यातल्या एका ग्राहक मार्गदर्शन केंद्राचे हे प्रशिक्षण सहा शनिवारी, दर वेळी तीन तास चालते. फी नाही. गटात साधारण डझनभर माणसे: निवृत्त बँकवाले, शिक्षिका, कायद्याचे एकदोन विद्यार्थी.

पहिल्या शनिवारी कायद्याचे नावही निघत नाही, हे फार बरे. दोघादोघांच्या हातात कागदांनी फुगलेली एक पिशवी देतात. तिच्यात फ्रिजचे पुसट बिल, शिक्का नसलेले वॉरंटी कार्ड, सर्व्हिस सेंटरच्या तीन जॉब शीट, तारीख न दिसणारे व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट आणि उगाच घुसलेले विजेचे बिल. वीस मिनिटांत तारखांची पट्टी मांडायची: खरेदी कधी, पैसे किती दिले, पहिला बिघाड कधी, तक्रार कुणाकडे आणि कशी केली. शेवटी, तक्रारदाराला नेमके काय हवे: पैसे परत, वस्तू बदलून की दुरुस्ती? हा शेवटचा प्रश्न हटकून राहतो. समोरचा चिडलेला असतो आणि सल्लागार कलमे सांगत सुटतो.

मुदतीचा धडाही नीट घेतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात जावे लागते. (लोक अजून ‘ग्राहक मंच’च म्हणतात, म्हणू द्यावे.) कंपनीशी ई-मेल चालू आहेत तोवर मुदत थांबते, असे भल्याभल्यांना वाटते. ती थांबत नाही. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्याच्या भरवशावर कुणाला निवांत बसवू नये.

सगळ्यात कसदार भाग तिसऱ्या-चौथ्या शनिवारचा: कुठले दार आधी ठोठवायचे. बँकेची तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तेच प्रकरण आयोगात दाखल असेल तर लोकपाल ते घेत नाही; दोन्हीकडे एकदम टाकू या म्हणणारा उत्साही स्वयंसेवक इथे तक्रारदाराचे नुकसान करतो. ओटीपी देऊन पैसे गेले असतील तर नोंदवही मिटायची, आधी बँक आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावायची. साध्या तक्रारीला १९१५ ची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन पुष्कळदा पुरते.

घोडे पेंड खाते ते छापील टिपणांत. त्यांत किती रकमेपर्यंतची तक्रार जिल्हा आयोगात चालते, ती मर्यादा अजून एक कोटी दिली आहे. डिसेंबर २०२१ पासून ती ५० लाख आहे. म्हणजे ७० लाखांच्या सदनिकेची तक्रार या टिपणांवर विसंबणारा जिल्ह्यात नेणार आणि ती राज्य आयोगात न्या म्हणून परत येणार. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात या मर्यादेसाठी धरतात ते प्रत्यक्ष दिलेले पैसे, मागितलेली भरपाई नव्हे. विम्यात तर भरलेला हप्ता धरतात, त्यामुळे ६० लाखांचा दावाही जिल्ह्यातच बसू शकतो. हे टिपणांत औषधालाही नाही. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, एवढे मात्र बरोबर आहे. नोटिशीसाठी ‘रजिस्टर ए.डी.’ लिहिले आहे. २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. पोचपावतीसह स्पीड पोस्ट म्हणा आणि ती पावती त्याच दिवशी झेरॉक्स करा, शाई उडते.

‘नाही’ कधी म्हणायचे आणि कधी नाही, हे कुणी नीट शिकवत नाही, ही दुसरी उणीव. दुकानासाठी घेतलेले झेरॉक्स मशीन म्हणजे व्यापारी हेतू, म्हणून तक्रार बसत नाही, असे शिकाऊ मंडळी फाडकन सांगून टाकतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असेल तर तो माणूस ग्राहकच ठरतो. यावर एक अख्खा तास हवा, मिळतात पाच मिनिटे. जुन्या सल्लागाराशेजारी बसून बघायची सत्रेही दोनच. आठ तरी हवीत. मूळ कागद ठेवून घेऊ नये आणि ‘इतके मिळतील’ असा आकडा तोंडातून काढू नये, या सवयी तिथेच लागतात.

ऑनलाइन दाखल करणे फक्त पडद्यावर दाखवतात. १ जानेवारी २०२५ पासून तक्रार दाखल करायच्या ई-दाखिल या पोर्टलच्या जागी ई-जागृती आले. तिथे ओटीपी तक्रारदाराच्या फोनवर जातो, म्हणून तो समोर नसताना अर्ज भरायला बसू नये. शपथपत्राची पीडीएफ आधी तयार ठेवावी. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी आपला लॅपटॉप न्यावा आणि सहाव्या शनिवारी खोटा अर्ज शेवटच्या पानापर्यंत भरू देण्याचा हट्ट धरावा, फक्त ‘सबमिट’ दाबू नये.